चित्रचौकटीतील खासगी गुप्तहेर : एका अनुपस्थितीचा विचार

‘खासगी गुप्तहेर’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे, की त्यातील अंतर्विरोध सहसा जाणवत नाही. ‘हेर’ हा आपल्या सांस्कृतिक स्मृतीत राजसत्तेचा असतो. बहिर्जी नाईकांचे नाव घेतले की स्वराज्य आठवते, एखादा अशील नव्हे. ‘खासगी’ हा शब्दही मराठेशाहीत राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा व कारभाराचा वाचक होता. कचेरी थाटून, मोबदला घेऊन, अनोळखी माणसासाठी दुसऱ्या अनोळखी माणसाचा शोध घेणारा व्यावसायिक या दोन्ही शब्दांच्या पूर्वेतिहासात बसत नाही. चित्रकथा, व्यंगचित्रमालिका आणि ॲनिमेशन या माध्यमांतून ही व्यक्तिरेखा मराठी वाचकापर्यंत पोहोचली तेव्हा तिचे काय झाले, याचा विचार नांदेड-लातूर परिसराच्या वाचनव्यवहाराच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

आपल्याकडे गुन्ह्याचा शोध नव्हता असे नाही. ‘माग काढणे’ ही क्रिया गावगाड्यात पक्की रुजलेली होती. चोराच्या पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविण्याची जबाबदारी दख्खनच्या खेड्यांत महार, रामोशी यांच्यावर असे. शिवेपलीकडे ती त्या गावावर पडे. म्हणजे शोध हा येथे व्यवसाय नव्हता; ते जातीने लादलेले कर्तव्य होते. शिवाय तो ओळखीच्या बळावर चाले. कोण कोणाचा, हे ठाऊक असलेल्या समाजात अनोळखीपणा हाच संशयाचा पहिला पुरावा ठरतो. पाश्चात्त्य खासगी गुप्तहेर नेमका याच्या उलट, महानगरातील अनोळखीपणावर जगतो.

चित्रमालिकेत या व्यक्तिरेखेसमोर आणखी एक रूपनिष्ठ अडचण असते. गद्यातील निवेदक हवे ते दडवून ठेवू शकतो. चौकटीला मात्र दाखवावेच लागते. त्यामुळे चित्रातील रहस्य दडविण्यापेक्षा डोळ्यांसमोर ठेवून न दिसू देण्यावर उभे राहते. १९३१ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत अवतरलेला डिक ट्रेसी हा पोलीस खात्यातील होता. ॲलेक्स रेमंड यांनी १९४६ मध्ये निर्माण केलेला रिप किर्बी हा मात्र खऱ्या अर्थाने खासगी गुप्तहेर. चष्मा लावणारा, सुसंस्कृत अभिरुचीचा, आणि एकेकाळी घरफोड्या करणारा डेसमंड ज्याचा सेवक आहे असा.

मराठी गद्यात या काळात रहस्यकथेचे अमाप पीक आले होते. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांची पुस्तके हजाराहून अधिक भरतात. त्यांचा धनंजय हा गुप्तहेर छोटूसह होम्स-वॉटसनच्या वळणावर चालतो; पण वाचकांनी अधिक डोक्यावर घेतले ते झुंजार आणि काळा पहाड यांना. तर्काने उकल करणाऱ्यापेक्षा कायद्याबाहेर राहून न्याय करणारा वीर वाचकाला जवळचा वाटला, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. या वीरांची दृश्य प्रतिमा प्रामुख्याने मुखपृष्ठांवर घडली, आणि त्यात रघुवीर मुळगावकरांच्या कुंचल्याचा वाटा मोठा होता. मुखपृष्ठाचे चित्र हे एकच चित्र असते. त्यात आवेश मावतो, शोधाची प्रक्रिया मावत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन गावांचा विचार येथे उपयुक्त ठरतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत दोन्ही हैदराबाद संस्थानात होती. शिक्षणाची व कारभाराची भाषा उर्दू होती. मात्र नांदेड मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्गावर, तर लातूर बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेज मार्गाने कुर्डुवाडीकडे, म्हणजे सोलापूर-पुण्याकडे जोडलेले. १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झालेल्या इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’तील फरीदी-हमीद हे उर्दू शिकलेल्या पिढीला सहज उपलब्ध होते. नांदेडकडे रहस्यकथा हैदराबादच्या उर्दू वाटेनेही आली, लातूरकडे ती मुख्यतः पुण्या-मुंबईच्या मराठी वाटेने आली, असे अनुमान करता येते. फरीदी हाही सरकारी नोकरीतला. दोन्ही वाटांनी आलेल्या शोधनायकांत ‘खासगी’पण क्षीणच होते.

या पार्श्वभूमीवर ‘इंद्रजाल कॉमिक्स’ (१९६४–१९९०) महत्त्वाचे ठरते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या या मालिकेच्या मराठी आवृत्तीने तालुक्याच्या गावातील मुलांना चौकटींतून कथा वाचावयास शिकविले. रिप किर्बी तेथे होता. पण राज्य होते मुखवटाधारी वेताळाचे. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर हा भारतीय नायक आला, तोही दरोडेखोराचा मुलगा आणि नागरिकांच्या सुरक्षा दलाचा प्रमुख. शोध देशी झाला त्या क्षणी तो खासगी न राहता सामुदायिक झाला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा तर फुरसुंगीचा शाळकरी पोर. त्याला अशील नाही, कचेरी नाही. कुतूहल आणि सायकल एवढेच भांडवल. त्यांच्याच बिपिन बुकलवारच्या आडनावात ‘बुक लव्हर’चा श्लेष उघड आहे, पण ‘-वार’ने संपणाऱ्या आडनावांची सवय असलेल्या नांदेड-देगलूरच्या वाचकाला तो शेजारच्या गल्लीतला वाटावा.

खासगी गुप्तहेर भारतीय चित्रांत टिकला तो बव्हंशी विनोदाच्या आश्रयाने. ‘टार्गेट’ या इंग्रजी मुलांच्या मासिकातील अजित नैनन यांचा डिटेक्टिव्ह मूछवाला, आणि २०१७ मध्ये निकलोडियनवर आलेल्या ‘गट्टू बट्टू’ या ॲनिमेशन मालिकेतील जोडी ही याची ठळक उदाहरणे होत. सत्यजित राय यांचा फेलूदा (१९६५) हा गंभीर अपवाद. लेखकच चित्रकार असल्याने त्याचे रूप कथेबरोबरच घडले, आणि पुढे तो चित्रकथेत व ॲनिमेशनमध्येही गेला. तथापि अशोक जैन यांच्या अनुवादांतून मराठीत आलेल्या या नायकाच्या नावातच ‘दा’ आहे. चुलतभाऊ तोपसे त्याची कथा सांगतो. व्यावसायिकाला येथेही आधी थोरला भाऊ व्हावे लागले.

तेव्हा मराठी चित्रकथेतील खासगी गुप्तहेराची अनुपस्थिती ही केवळ प्रतिभेची वा बाजारपेठेची उणीव नाही. अनोळखी माणसावर मोबदल्याने विश्वास टाकण्याची कल्पनाच आपल्या समाजात उशिरा व अर्धवट रुजली, याचा तो वाङ्मयीन पुरावा आहे. हा पुरावा मात्र झपाट्याने नष्ट होत आहे. चित्रकथा ग्रंथ म्हणून नव्हे, नियतकालिक म्हणून हाताळल्या गेल्या. बऱ्याच दाखल नोंदवहीत न चढताच रद्दीत गेल्या. आपले वाङ्मयेतिहासही त्यांची नोंद घेत नाहीत. १९४८ नंतर उर्दूकडून मराठीकडे वळलेला मराठवाड्याचा वाचक आनंदासाठी काय वाचत होता, हे जाणून घ्यावयाचे असेल तर जिल्ह्यातील जुनी वाचनालये, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांच्या शिल्लक वह्या आणि घरोघरच्या पेट्या यांकडे संशोधकांना वळावे लागेल. पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी हा विषय क्षुल्लक मानण्याचे आता कारण उरलेले नाही.