जुन्या ग्राफिक्स कार्डाला जोडी आणावी की सरळ नवं घ्यावं?

कॉम्प्युटरमध्ये सात-आठ वर्षांचं ग्राफिक्स कार्ड आहे, नवे गेम अडखळतात, आणि नेमकं तसलंच दुसरं कार्ड सेकंडहँड बाजारात स्वस्तात दिसतं. दोन लावली की वेग दुप्पट, असा हिशोब मनात लगेच तयार होतो. माझ्या गावी, दापोली तालुक्यातल्या मुरुडला (रायगडातलं मुरुड-जंजिरा नव्हे), हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. अलीकडेच शेजारच्या काकूंच्या मुलाने विचारला. त्याच्याकडे ६ जीबीचं जीटीएक्स १०६० आहे, आणि पर्यटन हंगामात साठवलेल्या पैशांतून तसंच दुसरं घ्यायचा त्याचा विचार होता. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

गेमसाठी हा रस्ता बंद झालाय

दोन कार्डं जोडायची कल्पना जुनी आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू-२ या दोन कार्डांपैकी प्रत्येक कार्ड पडद्यावरच्या एकाआड एक ओळी काढायचं. पुढे २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हेच नाव पुन्हा वापरात आणलं, आणि २००५ मध्ये एटीआयचं क्रॉसफायर आलं. यात बहुतेक वेळा एक फ्रेम पहिलं कार्ड काढतं, पुढची दुसरं.

अडचण इथेच आहे. आजचे गेम नवी फ्रेम काढताना मागच्या फ्रेममधली माहिती वापरतात. ती माहिती दुसऱ्या कार्डाकडे असली तर पहिलं कार्ड वाट बघत बसतं. शिवाय फ्रेम ठरावीक अंतराने येत नाहीत. मीटरवर ६० एफपीएस दिसतात, पण डोळ्याला चित्र झटके खातंय असं जाणवतं. आणि हे सगळं चालायला प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळी सोय करावी लागते.

ती सोय आता होत नाही. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या गेमसाठी एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं. आरटीएक्स ३० मालिकेत फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला जोडणीची जागा होती, ४० मालिकेत तीही गेली. एएमडीने २०१९ च्या आरएक्स ५७०० पासूनच क्रॉसफायर सोडून दिलं. डायरेक्टएक्स १२ मध्ये गेम बनवणाऱ्यांनी स्वतः दोन कार्डं वापरायची सोय आहे, पण ती मेहनत फार थोड्यांनी घेतली.

आणि १०६० चं काय? २०१६ मध्ये ते बाजारात आलं तेव्हाच त्यावर एसएलआयचा कनेक्टर नव्हता. म्हणजे दुसरं १०६० लावलं तर ते गेममध्ये जवळपास रिकामंच बसून राहणार.

६ + ६ = ६

१०७० किंवा १०८० ला एसएलआय आहे, पण तिथेही मेमरीची बेरीज होत नाही. दोन्ही कार्डांना गेमचा तोच डेटा आपापल्या मेमरीत ठेवावा लागतो. ८ जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमला ८ जीबीच मिळते.

मदरबोर्डही बघा. स्वस्त बोर्डवरचा दुसरा लांब स्लॉट दिसायला पहिल्यासारखा असतो, पण आत बहुधा चारच लेन जोडलेल्या असतात. एसएलआयला किमान आठ लागतात.

विजेचा हिशोब

एक १०६० कमाल १२० वॉट घेतं, दोन म्हणजे २४०. आरटीएक्स ४०६० घेतं ११५ वॉट, आणि एकटंच एका १०६० च्या ढोबळमानाने दुप्पट काम करतं. फरक १२५ वॉटचा. रोज चार तास पूर्ण लोडवर खेळलात तर महिन्याला १५ युनिट. आकडा छोटा वाटतो, पण महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे दर चढतो. त्या काठावर असाल तर बिलात फरक दिसेल.

आमच्याकडे त्याहून मोठा प्रश्न वीज जाण्याचा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. दोन कार्डांचे २४०, प्रोसेसर आणि मॉनिटर धरले की तो काठावर येतो. खारी दमट हवा तर आहेच: जितके पंखे आणि कनेक्टर जास्त, तितक्या गंजायच्या जागा जास्त.

दोन कार्डं खरंच कुठे कामाची?

जिथे काम आपोआप वाटून घेता येतं तिथे. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये रेंडर करताना दोन्ही कार्डं मिळून काम करतात, एसएलआय लागत नाही. फक्त प्रत्येक कार्डाच्या मेमरीत अख्खा सीन मावायला हवा. घरच्या कॉम्प्युटरवर एआय मॉडेल चालवायचं असेल तर मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात. तिथे १२ जीबीची दोन आरटीएक्स ३०६० जवळपास २४ जीबीसारखी वापरता येतात.

पण फार जुनं कार्ड यासाठीही घेऊ नका. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते. आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. कुडा १३ मधूनही या मालिका वगळल्या आहेत.

मग घ्यायचं काय?

गेम खेळायचे असतील तर एकच नवं कार्ड घ्या आणि जुनं विकून तेवढे पैसे त्यात घाला. घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. पॉवर सप्लायला हवा तो कनेक्टर आहे का? कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का? आणि बोर्ड पीसीआयई ३.० चा आहे का? ४०६० किंवा आरएक्स ६६०० आठच लेन वापरतात, त्यामुळे जुन्या बोर्डवर काही गेममध्ये थोडा वेग कमी मिळतो. प्रोसेसर फारच जुना असेल तर खूप महागडं कार्डही वाया जाईल.

बजेट अगदीच कमी असेल तर सेकंडहँड घ्या, पण एक पिढी पुढचं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली बरीच कार्डं बाजारात आली. म्हणून समोर बसून अर्धा तास तरी पूर्ण लोडवर चालवून बघा, तापमान आणि पंख्याचा आवाज लक्षात घ्या, पोर्ट आणि स्क्रूवर गंज आहे का ते पाहा. विकणारा एवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर दुसरा विक्रेता शोधा.