पट्टीखालची कातडी

त्वचारोगाच्या ओपीडीत एकोणतीस वर्षं मी लोकांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. निकेल, क्रोमेट, केसांच्या कलपातला पीपीडी, टिकलीच्या गोंदातलं रसायन, सगळं कणभर घेऊन अ‍ॅल्युमिनियमच्या चिमुकल्या वाट्यांत भरायचं. “दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, ताई. खाजवायचंही नाही.” ४८ तासांनी पट्टी काढायची आणि लाली कुठे उठली ते बघायचं.

ही युक्ती योसेफ यादासोन या जर्मन डॉक्टरची. पाऱ्याच्या औषधाने अंगावर इसब उठलेल्यांना त्याने मुद्दाम पाऱ्याची पट्टी लावून पाहिली आणि १८९५ साली ग्राझच्या परिषदेत ते मांडलं.

आमची पट्टी कातडीला एवढंच विचारते, ‘ओळखतेस का या रसायनाला?’ पण नवं रसायन बाजारात येण्याआधी ते कुणाला बाधेल का, हे कळायचं तर न ओळखणाऱ्या कातडीला ओळख करून द्यावी लागे. म्हणजे धडधाकट माणसाला अ‍ॅलर्जी जडवून बघायची. एकदा जडली की ती बहुधा जन्माची सोबत.

फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी हेच केलं. कैदी ‘स्वयंसेवक’, बरेचसे कृष्णवर्णीय, कित्येकांचे खटलेही उभे राहिले नव्हते, जामिनाला पैसे नव्हते. पट्टीचे थोडे डॉलर मिळत. आत पाऊल टाकल्यावर आपल्याला दिसली ती एकरांनी पसरलेली कातडी, असं क्लिगमन यांनीच एका वार्ताहराला सांगितलं होतं. शेतकरी जमिनीबद्दल बोलेल तसं!

१९६६ साली त्यांनी आपली पद्धत छापली. पंचवीस माणसं घ्यायची, साबणासारख्या द्रव्याने कातडी आधी चिडवायची, मग ४८ तासांची पट्टी, अशी पाच वेळा. पंचवीसपैकी दोघांपर्यंत बाधलं तर रसायन सौम्य, वीसच्या पुढे गेलं तर जहाल. पीपीडी जहालांत बसला. १९७४ मध्ये तुरुंगातले प्रयोग थांबले. शहराने माफी मागितली ती २०२२ साली.

क्वचित आमची पट्टीही नको ती ओळख करून देते. म्हणून पीपीडी एक टक्क्याचाच. आणि पट्टी काढल्यावरही मी प्रत्येकाला बजावायचे, “पंधरा दिवसांनी तिथे लाली उठली तर दाखवायला या.”