मुखकर्करोग : शस्त्रक्रियेनंतरच्या रेडिओथेरपीत वेळापत्रक पाळणे निर्णायक

कुंभकोणम (तमिळनाडू) : कावेरीकाठच्या कुंभकोणममधील विड्याच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या पानासोबत खाल्ली जाणारी ‘सीवल’, म्हणजे सुपारीचे पातळ काप, हीदेखील या परिसराची जुनी ओळख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विड्याला १९८५ मध्ये, तर तंबाखूविरहित विडा व सुपारी यांना २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले. याच संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ व मुखकर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळले.

मुखकर्करोगावर पहिला उपचार बहुधा शस्त्रक्रियेचा असतो. मात्र अनेक रुग्णांना त्यानंतर रेडिओथेरपीही घ्यावी लागते आणि तिचा लाभ ती वेळेत सुरू होऊन अखंड पूर्ण होण्यावर अवलंबून असतो.

कोणाला आवश्यक?

गाठ काढल्यानंतरही डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. त्यांचा नाश करणे हा रेडिओथेरपीचा हेतू असतो. निर्णय शस्त्रक्रियेनंतरच्या पॅथॉलॉजी अहवालावर होतो. गाठ मोठी असणे किंवा हाडापर्यंत पोहोचणे, मानेतील लसिकाग्रंथींत रोग आढळणे, मज्जातंतू वा रक्तवाहिन्यांत शिरकाव होणे आणि कापलेल्या भागाची कड गाठीच्या अगदी जवळ असणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. लहान गाठ पूर्णपणे निघाली असेल आणि यांपैकी कोणताही धोका नसेल, तर रेडिओथेरपीची गरज सहसा भासत नाही.

कडेवरच रोग शिल्लक असल्यास किंवा लसिकाग्रंथीचे वेष्टन भेदून तो बाहेर आला असल्यास रेडिओथेरपीसोबत सिस्प्लॅटिन हे औषध दिले जाते. युरोप व अमेरिकेतील दोन चाचण्यांनी २००४ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ३०० रुग्णांवर केलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. यातील बहुतेकांची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती. दर तीन आठवड्यांनी मोठी मात्रा घेतलेल्यांपैकी ७३.१ टक्के, तर दर आठवड्याला लहान मात्रा घेतलेल्यांपैकी ५८.५ टक्के रुग्णांत दोन वर्षांनंतर रोग मूळ जागी व मानेत नियंत्रणात होता. सिस्प्लॅटिन सोसू न शकणाऱ्यांसाठी डोसेटॅक्सेल उपयुक्त ठरते, असे याच रुग्णालयाने २०२३ मध्ये दाखवून दिले.

सहा आठवड्यांचे गणित

जखम भरताच, शक्यतो शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असा संकेत आहे. एकूण ६० ग्रे मात्रा ३० भागांत, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवड्यांत दिली जाते. अधिक धोका असल्यास ती ६६ ग्रेपर्यंत नेतात. शस्त्रक्रियेपासून शेवटच्या मात्रेपर्यंतचा काळ ११ ते १२ आठवड्यांपेक्षा लांबू नये. मध्येच खंड पडल्यास उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात.

लहान शहरांतील रुग्णांची खरी कसोटी येथेच लागते. कुंभकोणमपासून तंजावर सुमारे ४० किलोमीटर आहे. तेथे रोज जाऊन येणाऱ्यास ३० फेऱ्यांत सुमारे २,४०० किलोमीटर प्रवास करावा लागेल. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा असला, तरी रुग्ण आणि सोबतचा नातेवाईक या दोघांचा पूर्ण दिवस जातो व रोजगार बुडतो. म्हणून उपचारकेंद्राजवळ निवासाची सोय, रेल्वेची कर्करुग्ण सवलत तसेच तमिळनाडूत मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजना वा महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांची चौकशी शस्त्रक्रियेपूर्वीच करणे हिताचे ठरते.

पूर्वतयारी आणि त्रास

किडलेले दात उपचारापूर्वी किमान १० ते १४ दिवस आधी काढून घ्यावे लागतात, कारण नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड निकामी होण्याचा धोका असतो. डोके स्थिर राहावे म्हणून प्रत्येक रुग्णासाठी प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा तयार केला जातो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात फोड येतात, चव जाते, लाळ आटते आणि गिळणे कठीण होते. अनेक जण उपचार सोडतात ते याच टप्प्यावर. वेदनाशामके, मऊ व प्रथिनयुक्त आहार, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या आणि गरज पडल्यास नाकातून नळीने अन्न यांच्या आधारे हा काळ निभावता येतो. फोड बहुधा उपचारानंतर काही आठवड्यांत भरून येतात. तोंडाचा कोरडेपणा मात्र दीर्घकाळ टिकू शकतो. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतात.

उपचारकाळात तंबाखू सुरू राहिल्यास परिणाम घटतो आणि त्रास वाढतो. उपचार संपल्यावरही सुपारी व तंबाखू कायमची वर्ज्य करावी लागते. पहिली दोन वर्षे रोग उलटण्याचा धोका सर्वाधिक असल्याने या काळात दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी आवश्यक असते. मानेवर किरण पडलेले असल्यास थायरॉइडची रक्तचाचणी दर सहा ते बारा महिन्यांनी केली जाते.