नमुना ४ ची कुळकथा

रोजगार हमीच्या कामाची मागणी नमुना ४ वर करतात. नाव, गाव, तारीख, खाली सही नाहीतर अंगठा. मागणीची पोच घ्यायची आणि पंधरा दिवस मोजायचे. तेवढ्यात काम दिलं नाही, तर बेकारभत्ता देणं सरकारवर बंधनकारक. या साध्या कागदामागे शंभर वर्षांची उपासमार आहे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ब्रिटिश सरकारनं दख्खनमध्ये मदतकामं काढली. पण गरजू कोण हे ठरवायची त्यांची रीत क्रूर होती. काम गावापासून लांब ठेवायचं आणि मजुरी जेमतेम जीव तगेल एवढीच द्यायची, म्हणजे अगदीच नाइलाज असेल तोच येईल. दुष्काळाच्या पाहणीसाठी सरकारनं पाठवलेल्या सर रिचर्ड टेम्पल यांनी तर दिवसाची मजुरी पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणली. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला पौंडभर! १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था त्यांच्या बाजूनं उभी राहिली. पुढे दुष्काळ आयोग आला, संहिता तयार झाल्या, अंमलदारांची कर्तव्यं लिहिली गेली. तरी काम मिळायचं ते दुष्काळ जाहीर झाला तरच.

ही अट मोडायचा विचार तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी मांडला. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांचं म्हणणं सरळ होतं: कोरडवाहू गावातल्या मजुराला दरवर्षीच काही महिने काम नसतं, मग त्यानं दुष्काळाची वाट का पाहायची? साठच्या दशकात विसापूर भागात प्रयोग झाला, १९७२ मध्ये रोजगार हमी योजना आली आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्यांची खडी. बायका मोठ्या संख्येनं होत्या. कामावर वाटलेला सुकडी हा पौष्टिक खाऊ आणि परदेशातून आणलेली मिलो ज्वारी त्या पिढीला अजून आठवतात.

या योजनेसाठी पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, कापले जातात, ते मुळात या कामांसाठी. शहरानं गावाच्या मजुरीचा भार उचलावा, असं विधिमंडळानं ठरवलं होतं.

रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानं १९७७ मध्ये केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान मुलांना सांभाळायची सोय, हे सगळं नियमांत आलं. मस्टरवर नाव चढलं नाही, मोजमाप कमी धरलं, तर भांडायला आता आधार होता, आणि शेतमजुरांच्या संघटना मोर्चे काढून भांडल्याही.

२००५ मध्ये केंद्रानं देशासाठी कायदा केला, तो मात्र वर्षाला घरटी शंभर दिवसांचा. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती, म्हणून शंभरच्या पुढच्या दिवसांची मजुरी राज्यानं आपल्या तिजोरीतून द्यायचं ठरवलं.