थेंबाचं कूळ

आमच्या वर्ध्याकडची म्हातारी माणसं काचबिंदूच्या औषधाबद्दल बोलताना हमखास म्हणतात, "टाकतो डोयात, अन् कडू लागते घशात." हा भास नव्हे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक छिद्रं असतात. अश्रू तिथूनच नाकात उतरतात आणि औषधही त्याच वाटेने जातं. नाकाच्या अस्तरातून ते थेट रक्तात मिसळतं. गोळीला आधी यकृत ओलांडावं लागतं, तिथे तिचा बराच भाग निकामी होतो. थेंबाला ती चौकीच लागत नाही.

या थेंबांचं कूळ पाहिलं तर डोळ्याशी त्याचा संबंध फार उशिरा आला. 1876 साली लुडविग लाकर या नेत्रवैद्याने काचबिंदूवर जे औषध वापरलं, ते कॅलाबार नावाच्या आफ्रिकी बीमधलं. नायजेरियात आरोपी खरा की खोटा हे ठरवायला हीच विषारी बी त्याला खाऊ घालत. पाठोपाठ आलं पायलोकार्पिन, ब्राझीलच्या जाबोरंडी झुडपाचं. त्या झुडपाची ख्याती घाम फोडण्याची आणि तोंडातून लाळ गाळण्याची.

आज गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळणारं टिमोलोल तर हृदयाच्या औषधांच्या घरातलं. जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात हृदयाचे ठोके आवरणारं प्रोप्रॅनोलोल शोधलं. ते घेतलेल्या रुग्णांच्या डोळ्यातला दाबही, काचबिंदूत जो कमी करायचा असतो तोच, उतरलेला दिसला. त्याच जातीचं टिमोलोल 1978 साली अमेरिकेत डोळ्यात टाकायला मंजूर झालं. म्हणून या थेंबाने नाडी मंदावते, थकवा येतो, दमा उसळतो, ते काही आगंतुक नाही. ज्याला आपण दुष्परिणाम म्हणतो, तो या औषधाचा मूळ स्वभाव आहे. अर्ध्या टक्क्याच्या एका थेंबात ते जेमतेम पाव मिलिग्रॅम असतं, पण दमेकऱ्याची छाती आवळायला तेवढंही पुरू शकतं.

सेवाग्राम, सावंगीची मोठी रुग्णालयं जवळ असल्याने खेड्यातल्या माणसालाही काचबिंदूचं निदान मिळतं. पण डोळ्याच्या डॉक्टरपुढे छातीची गोष्ट काढतो कोण? हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत आयुष्य गेलेला माणूस आपला दमा तिथे सांगत नाही. डोळ्याचा आणि दम्याचा काय संबंध, असं त्याला वाटतं. मला याचीच काळजी वाटते.

उपाय बोटावर आहे. थेंब एकच टाकायचा. डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते. मग डोळा अलगद मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. नाकाची वाट बंद झाली की रक्तात जाणारं औषध निम्म्याहून कमी होतं.

घरात कुणी हे थेंब टाकत असेल, तर आजच त्यांना कोपरा दाबायला शिकवा. धाप लागली, चक्कर आली, तर बाटली घेऊन डॉक्टरकडे जा. दुसरी औषधं आहेत. मात्र थेंब आपल्या मनाने बंद करू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.