आठ दात्यांचा पिनियन

जीपचं डिफरन्शियल उघडलं की काळ्या तेलातून बोट फिरवत मी आधी दाते मोजतो. महायुद्धातल्या विलिस एमबीच्या क्राऊनला ३९, पिनियनला ८, म्हणजे रेशो ४.८८. १९४५ साली शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए आली. तिला नांगर ओढायचा होता, म्हणून क्राऊनचे दाते ४३ झाले, रेशो ५.३८. वेग घटला, ओढ वाढली. पुढे महिंद्रने आपल्याकडे बनवलेल्या सीजे-३बीचीही जोडी हीच.

मूळ ६.००-१६ टायर साधारण २८ इंचांचा. आता पोरं ३३ इंची चढवतात, मग ५.३८चा जोर ४.५६ इतकाच उरतो, युद्धातल्या जीपहूनही कमी. घाटात जुनं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकतं, तेव्हा जीव तुटतो माझा. टायर वाढवलात तर क्राऊन-पिनियन बदला, पुढचा-मागचा दोन्ही.