वाहनाची चाचणी आणि दोषाचे दायित्व : अहमदनगर व नाशिक, १९९३ ते २०२१

मोटारवाहन सुरक्षित असल्याची हमी कोणी द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने प्रथम चाचणीत शोधले. वाहन रस्त्यावर आल्यानंतर उघडकीस येणाऱ्या दोषाचे दायित्व मात्र दीर्घकाळ कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. या दोन अवस्थांमधील अंतर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व शेजारचा नाशिक जिल्हा यांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

अहमदनगरचा वाहनविद्येशी संबंध लष्करी छावणीतून आला. चकलाला येथे १९२९ साली सुरू झालेली लष्करी वाहनांच्या तपासणीची यंत्रणा १९४७ मध्ये अहमदनगरला हलविण्यात आली. वाहननगर येथील संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास संस्था ही याच परंपरेतील होय. केंद्रीय मोटारवाहन नियमांतील १२६ व्या नियमाने, १९९३ च्या दुरुस्तीनंतर, उत्पादकास आपल्या वाहनाचा नमुना निर्दिष्ट संस्थांपैकी एकीकडून तपासून घेणे बंधनकारक केले. त्या संस्थांच्या यादीत आरंभीचे नाव अहमदनगरच्या संस्थेचे आहे. लष्करासाठी उभे राहिलेले ज्ञान अशा रीतीने नागरी कायद्याचा आधार बनले.

परंतु नमुन्याच्या चाचणीस स्वाभाविक मर्यादा आहे. तिच्यामुळे रचना योग्य आहे एवढेच सिद्ध होते. त्या रचनेनुसार पुढे तयार होणारा प्रत्येक सुटा भाग निर्दोष असेल, हे सिद्ध होत नाही. उत्पादनाच्या एकरूपतेची तपासणीही नियमांत आली. तथापि तीही निवडक नगांचीच असते.

ही मर्यादा सस्पेन्शनच्या बाबतीत विशेष जाणवते. चाके व वाहनाचा सांगाडा यांना जोडून रस्त्याचे धक्के पेलणाऱ्या या रचनेतील दोष वापरातूनच उघड होण्याचा संभव अधिक असतो. महिंद्र कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात तयार होणारी एक्सयूव्ही ३०० ही गाडी फेब्रुवारी २०१९ मध्ये विक्रीस आली. त्याच वर्षी जुलैमध्ये, १९ मेपर्यंत तयार झालेल्यांपैकी मर्यादित गाड्या सस्पेन्शनच्या खालच्या कंट्रोल आर्मच्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. चाकाला त्याच्या जागी धरून ठेवणारा हा भाग निकामी झाल्यास वाहनावरील ताबा सुटू शकतो. दुरुस्ती विनामूल्य होती. मात्र या कृतीमागे कायद्याची सक्ती नव्हती. वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेली स्वेच्छासंहिता एवढाच तिचा आधार होता.

अमेरिकेत या विषयाचा कायदा होण्यासही सस्पेन्शनचाच वाद अंशतः कारणीभूत झाला. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीच्या मागील सस्पेन्शनवर कठोर टीका केली. १९६६ च्या कायद्याने दोषाची सूचना मालकास देणे उत्पादकावर बंधनकारक झाले. विनामूल्य दुरुस्तीचे बंधन १९७४ मध्ये आले. दरम्यान १९७२ च्या सरकारी अहवालाने कॉर्व्हेअर ही समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढला. विशिष्ट गाडीवरील आरोप टिकला नाही. त्यातून प्रस्थापित झालेले तत्त्व मात्र टिकले.

भारतात हे तत्त्व ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या मोटारवाहन (दुरुस्ती) अधिनियमाने स्वीकारले. त्यातील कलम ११०-अ अन्वये सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, आणि वाहनमालकांच्या तक्रारी हा त्या आदेशाचा एक मान्य आधार ठरला. संबंधित नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. त्यांत १० लाख ते १ कोटी रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. चाचणीसंस्थेच्या प्रमाणपत्राबरोबर वाहन चालविणाऱ्याच्या अनुभवासही प्रथमच वैधानिक मूल्य प्राप्त झाले.

तथापि या नियमांची व्याप्ती उत्पादनापासून सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांपुरतीच आहे. ज्याने जुनी गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतली, तो या संरक्षणाच्या बाहेर पडण्याचा संभव अधिक. आणि झिजलेल्या सस्पेन्शनचा धोकाही त्यालाच अधिक. नमुन्यापासून प्रत्यक्ष वाहनापर्यंत कायदा पोहोचला आहे. वाहनाच्या अखेरच्या मालकापर्यंत त्याने अद्याप पोहोचावयाचे आहे.